शिवलेल्या वहीची अट

अकरा वर्षं विद्यापीठाचा एक कागद माझ्या घरात होता. लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, निवृत्तीच्या वेळी मला दिलेल्या शालीच्या घडीत तो ठेवलेला होता. शाल मी कधी पांघरली नाही. कागद पुन्हा उघडून पाहिला नाही. तरी त्यावरचं निळ्या शाईतलं एक वाक्य मला पाठ होतं, कारण ते माझ्याच अक्षरात होतं.

तो कागद तिथे कसा आला ते आज लिहितो. आजवर याबद्दल जे सांगत आलो, ते खोटं होतं.

मी विद्यापीठाच्या अभिलेखागारात नोकरीला होतो. गावात त्याला सगळे रेकॉर्ड रूम म्हणत आणि मला बडे बाबू. लोकांच्या घरातले जुने कागद आमच्याकडे यायचे. केळीच्या व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या, विणकरांनी काढलेल्या काठांच्या नक्ष्या, कुणाच्या आजोबांची पत्रं. मऊ ब्रशनं धूळ झटकायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर घालायचा, यादी करायची आणि खोक्यात ठेवायचं. पुढे पुढे ते स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचं कामही आलं, म्हणजे दूर बसलेल्या माणसालाही वाचता यावं. नियम दोनच होते आणि नव्या माणसाला ते मीच शिकवायचो. कागद ज्या क्रमानं आले तो क्रम मोडायचा नाही. आणि एकदा आत आलेला कागद बाहेर काढायचा नाही.

हे शिकवताना माझा आवाज जरा चढायचा. आता आठवलं की कानशिलं तापतात.

एके दिवशी एक बाई पिशवीत एकोणीस वह्या घेऊन आली. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, निवृत्तीला सहा-सात वर्षं राहिली होती. तिचे वडील तरुणपणी महाराष्ट्रातून इकडे कागद कारखान्यात आले आणि कारखान्याच्या कॉलनीतच त्यांचा जन्म गेला. कटाईत रद्द ठरलेले, कडा वाकड्या गेलेले कागद ते घरी आणत, लूमवरच्या जाड सुतानं शिवत आणि त्याच्या वह्या करत. कागद वर्तमानपत्राचा, शाई त्यावर पसरायची, म्हणून सगळं लिखाण पेन्सिलीचं. कोणत्या पाळीला कोण होतं, कुणाच्या गावाहून कोण आलं, कोणत्या दिवशी भोंगा उशिरा झाला, असलं सगळं त्यात होतं.

आणि पत्रं होती. कॉलनीत लिहिता न येणारी माणसं संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी येऊन बसत आणि घरी काय कळवायचं ते सांगत. ते पत्र लिहीत आणि त्याची नक्कल आपल्या वहीत उतरवून ठेवत. मी विचारलं, नक्कल कशासाठी?

"अहो, उत्तर यायला दोन-दोन महिने लागायचे," ती म्हणाली. "तोवर माणूस विसरायचा. मागच्या खेपेला मी आईला काय लिहिलं होतं हो, असं विचारत यायचे. मग बाबा वही काढून वाचून दाखवायचे."

एकोणिसावी वही तिन्ही उघड्या बाजूंनी शिवून बंद केलेली होती. ती तिनं वेगळी काढून माझ्यापुढे ठेवली.

"भाऊ, बाकीच्या खुशाल दाखवा लोकांना. ही नाही. बाबांनी स्वतः शिवलीय. यातली माणसं अजून कॉलनीत आहेत. मी सांगेन तेव्हाच उघडायची."

"मग ताई, देताच कशाला? घरीच ठेवा."

"घरी वाळवी लागलीय. आणि जाळायला हात होत नाही."

आमचा दानपत्राचा फॉर्म हिंदीत छापलेला. त्यात शेवटी 'शर्तें', म्हणजे अटी, असा रकाना होता. मी तिच्यासमोर निळ्या पेनानं फॉर्म भरला आणि त्या रकान्यात तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत मराठीत लिहिलं: शिवलेली वही मी सांगेपर्यंत उघडायची नाही. तिनं खाली सही केली. मग नेहमीप्रमाणे दुसऱ्या, कोऱ्या फॉर्मवरही तिची सही घेतली. "हा नंतर टाइप करून फायलीला लावतो आणि तुमची प्रत पोस्टानं पाठवतो," असं सांगितलं. कोऱ्या फॉर्मवर सही घेणं ही आमच्या ऑफिसातली रोजची गोष्ट होती. लोकांना दुसरी चक्कर पडत नसे. आम्हाला ते मोठेपणाचं वाटायचं.

टाइप करताना मी आधीच्या दात्याचा फॉर्म कॉम्प्युटरवर उघडला आणि नाव, पत्ता, वह्यांची संख्या एवढंच बदललं. अटींच्या रकान्यात आधीच्या माणसाचं 'कोई नहीं' तसंच होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणता येणार नाही. ताईचं मराठी वाक्य हिंदीत करायचं होतं, ते जेवणानंतर करू म्हणालो. जेवणानंतर दुसरं काम आलं. फॉर्म छापला, फायलीला लावला. हातानं लिहिलेला फॉर्म दुरुस्तीसाठी टेबलाच्या खणात टाकला. तिची प्रत पोस्टात गेलीच नाही.

इथवर आळस होता. आळसाची माफी मागता येते. पुढचं तसं नाही.

दोन वर्षांनी विद्यापीठाची तपासणी होणार होती आणि आमच्या विभागप्रमुखांना प्रदर्शन मांडायचं होतं, सामान्य माणसांच्या इतिहासाचं. "बड़े बाबू, कुछ ऐसा निकालिए जो किसी के पास न हो," ते म्हणाले. मी पटकन म्हणालो, "सर, एक वही आहे." त्यांनी विचारलंही नव्हतं की ती बंद का आहे. त्यांना ठाऊकच नव्हतं. मला होतं. खणातला फॉर्म मला चांगला आठवत होता. मी मनाशी म्हटलं, वर्तमानपत्राचा कागद आहे, पिवळा पडून तुकडे होतील, आत्ता स्कॅन केलं नाही तर काहीच उरणार नाही. हे खरंही होतं. पण मी वही उघडली ती यासाठी नाही. सर माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होते त्यासाठी उघडली.

अर्ध्या ब्लेडनं टाके कापले. कापलेलं सूत नियमाप्रमाणे लिफाफ्यात घालून त्यावर नंबर टाकला. असल्या बाबतीत मी फार काटेकोर होतो.

आत एका बाईचं आईला लिहिलेलं पत्र होतं. ती नवऱ्याच्या घरातून निघून आली होती. तान्ही मुलगी तिकडेच राहिली होती. इथे कॉलनीत एका कामगाराशी तिनं दुसरा संसार मांडला होता आणि आधीचं कुणाला सांगितलं नव्हतं. "इथल्या बाया हाताचं विचारतात," तिनं लिहवून घेतलं होतं. "मी सांगते, कडबा कापताना दोन बोटं गेली. कशी गेली ते तुला ठाऊक आहे. पोरीला सांग, आई मेली."

ते पत्र मी उभ्यानं तीनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातही मला दिसत होतं ते प्रदर्शनातलं मधलं टेबल.

नाव झाकलं. गावाचं नाव झाकलं. पत्राचा मोठा फोटो करून लावला आणि वेबसाइटवर चढवला. नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला, असं मला खरंच वाटलं. मी कागदांत वाढलेला माणूस. कागदावर माणूस म्हणजे नाव. पण डाव्या हाताला दोन बोटं नसलेली बाई कॉलनीत एकच होती.

तपासणीवाल्यांनी वाहवा केली. पत्राचा फोटो लोकांच्या मोबाइलवर फिरत फिरत पंधरा दिवसांत कॉलनीत पोचला.

मग ताई आली. मी आणि सर दोघेही खोलीत होतो. ती बसली नाही.

"भाऊ, ती वही कुणी उघडली?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या कह रही हैं ये?"

"त्या पत्रातल्या काकूंचं घर मोडायची वेळ आलीय," ती म्हणाली. "त्यांच्या थोरल्या मुलानं आईशी बोलणं टाकलं. काकू दार लावून बसल्यात. आणि कॉलनीत सगळे म्हणतात, बापानं विश्वासानं लिहिलं आणि पोरीनं बाजारात मांडलं. मी अट घातली होती, भाऊ. सांगा यांना."

सर म्हणाले, "फाइल लाइए."

मी फाइल आणली. ती आणताना मी त्या खणासमोरून गेलो. हात लांब केला असता तर तो दुसरा फॉर्म हाताला लागला असता. मी फक्त फाइल आणली आणि टाइप केलेलं पान उघडून सरांपुढे ठेवलं. शर्तें: कोई नहीं. खाली तिची सही.

"मैडम, दस्तखत तो आप ही के हैं," सर म्हणाले. बोलण्यात उद्धटपणा नव्हता.

तिनं चष्मा लावून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "सही माझीच आहे. पण तुम्ही माझ्यासमोर लिहिलं होतं. निळ्या पेनानं. मराठीत."

आणि मी म्हणालो, "ताई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. वय झालं की होतं असं."

ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती.

तिनं ते पान सरांकडे परत सरकवलं. मग चष्मा काढून डबीत ठेवला. "जन्मभर पोरांना सांगत आले," ती म्हणाली, "की वाचल्याशिवाय सही करू नका. बरोबर आहे तुमचं. चूक माझीच." आणि गेली.

त्या दिवशी खणातला फॉर्म डब्याच्या पिशवीत घालून मी घरी आणला. पत्र वेबसाइटवर तसंच राहिलं, कारण ते काढलं असतं तर का काढलं असं कुणी विचारलं असतं. निवृत्तीच्या समारंभात सरांनी शाल देताना सांगितलं की यांच्या काळात एकही कागद इकडचा तिकडे झाला नाही. टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

घरी मी बायकोला सांगितलं होतं की एक शिक्षिका आहे, स्वतः सही करून आता नाही म्हणते. बायकोनं विश्वास ठेवला. का ठेवू नये?

गेल्या हिवाळ्यात थंडी जरा जास्त पडली आणि बायकोनं मला पांघरायला ती शाल काढली. घडीतून कागद पडला. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिनं तो खिडकीपाशी जाऊन वाचला, मग मला हाक मारली.

"अहो, हे त्या मास्तरणीचं ना?"

मी मान हलवली.

"म्हणजे ती खरं बोलत होती."

"हो."

"आणि मी चार बायांत सांगत फिरले, की मास्तरीण असून खोटं बोलते म्हणून. इच्छापूरच्या जत्रेत कॉलनीतल्या बाया भेटल्या, त्यांनासुद्धा सांगितलं. माझ्या तोंडून वदवलंत तुम्ही हे." ती खाली बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिनं विचारलं, "ती आहे का अजून?"

"आहे."

"आणि ती बोटं गेलेली?"

"तीही आहे, असं ऐकतो."

"मग बसलात काय? त्या दोघी जायची वाट बघताय का?"

हेच मी अकरा वर्षं करत होतो. शब्दांत कधी मांडलं नव्हतं, तिनं मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं कॉलनीत गेलो. ताईचं घर विचारत विचारत सापडलं. तिनं दार उघडलं, ओळखलं, आणि दारातच उभी राहिली. मी फॉर्म पुढे केला. तोंडपाठ करून आणलेली वाक्यं होती, ती एकही आठवेना. एवढंच म्हणालो, "हा माझ्याजवळ होता. तेव्हाही होता."

तिनं कागद हातात घेतला नाही. नुसता पाहिला. "निळंच पेन," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला कशाला दाखवता? मला ठाऊकच होतं. चला."

"कुठे?"

"जिला ठाऊक नाही तिच्याकडे."

काकूंचं घर तीन ओळी सोडून होतं. वाटेत ताई माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. दारापाशी मात्र थांबली, पदर सारखा केला. पुढे टाकलेलं पाऊल तिनं मागे घेतलं. तेव्हा मला कळलं की अकरा वर्षांत ती या उंबऱ्याच्या आत गेलेली नाही.

काकू ओसरीत बसल्या होत्या. खूप थकलेल्या, पण नजर स्वच्छ. आम्हाला पाहून डावा हात पदराखाली गेला. "आता काय आणलंस?" त्या ताईला म्हणाल्या.

"मी नाही आणलं. हे सांगतील."

मी सांगितलं. बसून सांगायचं धैर्य नव्हतं, उभ्यानंच सांगितलं. वही मी उघडली. हिनं उघडू नका म्हणून सांगितलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं, आणि हिला माझ्या साहेबांसमोर खोटं पाडलं.

"वाचा काय लिहिलंय," काकू म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. येत असतं तर हे झालंच नसतं."

मी वाचलं. शिवलेली वही मी सांगेपर्यंत उघडायची नाही. माझंच अक्षर मला लागेना, दोनदा अडखळलो.

काकू ताईकडे पाहत राहिल्या. "मग तू बोलली का नाहीस गं?"

"आले होते काकू. तीनदा आले. तुम्ही दार लावलं होतं."

"लावलं होतं खरं," काकू म्हणाल्या. मग मला विचारलं, "ते मोबाइलातनं काढता येतं का?"

"आमच्या वेबसाइटवरनं काढता येईल. लोकांच्या मोबाइलवर जे गेलं ते नाही."

"आणि वही? ती परत शिवता येते?"

"नाही. नवी भोकं पडली तर कागद फाटेल."

"म्हणजे तुम्ही आलात कशासाठी?"

मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. काकूंनी माझ्याकडून तोंड फिरवलं आणि ताईला म्हणाल्या, "ये, आत ये. चहा टाक. साखर वरच्या फळीवर आहे." ताई आत गेली. मला कुणी थांबा म्हणालं नाही. ते योग्यच होतं. मी बस स्टँडकडे चालू लागलो.

त्याच आठवड्यात रेकॉर्ड रूममध्ये गेलो. आता तिथे ज्या मॅडम आहेत त्या नवीन आल्या तेव्हा मीच त्यांना काम शिकवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वेबसाइटवरची पानं त्यांनी माझ्यासमोर बंद केली. वही फितीनं बांधली, सुताच्या लिफाफ्यासकट वेगळ्या खोक्यात घातली आणि खोक्यावर 'बंद' लिहिलं. मग मी विचारलं, "हा खोटा फॉर्म फायलीतून काढून टाकता येईल?"

"नाही बाबूजी," त्या म्हणाल्या. "टाइपवाला पण राहील, हातवाला पण राहील. आलेला कागद हटवायचा नाही, तुम्हीच तर शिकवलं होतं ना."

त्यांनी मला एक कोरा कागद दिला. त्यावर मी काय झालं ते क्रमानं लिहिलं आणि ते दोन्ही फॉर्मच्या मध्ये लावलं. इथे मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही, माझंही नाही. तिथे माझं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, पत्त्यासकट. फाइल मागेल त्याला वाचता येईल.

एक काम उरलं होतं. ताईची प्रत. हातानं लिहिलेल्या फॉर्मची नक्कल काढून, तिच्यावर मॅडमची सही आणि शिक्का घेऊन मी ती पोस्टात टाकणार होतो. बायको म्हणाली, "पोस्टात टाकणार होतात ना एकदा? स्वतः जा. मीही येते, मलाही तिला काही सांगायचंय."

आम्ही दोघं गेलो. या खेपेला दार आधीच उघडं होतं. बायकोनं आधी पुढे होऊन जत्रेतलं आपलं बोलणं ताईला सांगितलं. मी प्रत दिली आणि पोच म्हणून सहीसाठी मॅडमनी दिलेलं रजिस्टर पुढे केलं. ताईनं डबीतून चष्मा काढला. दारातच उभी राहून तिनं फॉर्म वाचला. नाव वाचलं, पत्ता वाचला, वह्यांची संख्या वाचली, छापलेल्या हिंदी ओळी वाचल्या, ज्या कुणीच कधी वाचत नाही, त्याही. अटींच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं, मग पुढे सरकलं. शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. पान उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मी रजिस्टर धरून उभा होतो, हात भरून आला तरी धरून होतो.

"पेन द्या," ती म्हणाली.

मी दिलं. तिनं सही केली.